लोकशाही आणि घराची किल्ली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



लोकशाहीविषयी हल्ली पुष्कळ वाद झडतात. त्यांत तृतीयपंथीयांचा विषय निघाला की आवाज चढतात. बहुसंख्यांना जे रुचत नाही ते त्यांनी का मानावे, असा प्रश्न केला जातो. तो टाळून चालणार नाही.

त्याचे उत्तर आम्हांस याच दिल्लीत सापडते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, संवैधानिक नीती ही उपजत भावना नव्हे. ती जोपासावी लागते. मते मोजून सरकार ठरते. कुणाचे माणूसपण मतांवर ठरत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस स्वतंत्र ओळख मान्य केली, तीही याच तत्त्वाला धरून. त्या दाव्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपली कैफियत मांडली होती. बहुमत नेहमी विरोधातच असते असेही नाही. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने एका तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच निवडले.

आपल्या शेजारी नोएडात, सेक्टर ५० चे मेट्रो स्थानक २०२० साली या समाजास अर्पण करण्यात आले आणि तेथे तृतीयपंथी कर्मचारी नेमले गेले. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कोचीचा अनुभव विसरता येत नाही. तेथील मेट्रोने २०१७ साली अशाच नेमणुका केल्या. त्यांपैकी काहींनी लवकरच नोकरी सोडली, कारण परवडेल अशा भाड्याने त्यांना कोणी घर देईना. नोकरी देणे संस्थेच्या हाती होते; घराची किल्ली तुमच्याआमच्यासारख्या गृहस्थांच्या हाती होती.

परमुलखात बिऱ्हाड शोधताना परकेपणा कसा बोचतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले आहे. थोड्यांनाही आपली भाषा, आपला गणपती, आपले हळदीकुंकू जपत मानाने राहता यावे, याच भावनेने पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे राहिले. जे आपण स्वतःसाठी मागितले ते इतरांस नाकारावे कसे?

कायद्याच्या कलमांवर मतभेद राहतील. त्यांवर अवश्य वाद व्हावा. मात्र ज्यांच्याविषयी वाद, त्यांना वगळून तो होऊ नये. येत्या गणेशोत्सवातील व्याख्यानास मंडळाने एखाद्या तृतीयपंथी वक्त्यास सन्मानाने पाचारण करावे, आणि ज्या सभासदांकडे भाड्याने द्यावयाची खोली असेल त्यांनी दारी आलेल्यास केवळ या कारणास्तव परत पाठवू नये, एवढीच आमची विनंती आहे.