पुरचुंडी आणि घड्याळ



पाऊस लागला की माझ्या दवाखान्याच्या बाकावर ओव्याचा वास दरवळायला लागतो. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं असतं आणि दुपट्याच्या घडीत, गळ्याशी, भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी असते. तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून, मग बाळाच्या छातीवर शेकलेली. कुणाच्या टाळूला वेखंडाची पूड असते, कुणाच्या छातीला तेल चोळलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं लहान मुलं तपासतो आहे. घरचा काहीच इलाज न होता थेट माझ्याकडे आलेलं मूल मला आठवत नाही. पहिला डॉक्टर घरातच असतो, आणि बहुतेक वेळा ती आजी असते.

या पहिल्या डॉक्टरशी मी सुरुवातीला फार वाईट वागलो. तेव्हा मी नवा होतो. एक आजी दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. साधी सर्दी होती. अडुळशाचा रस पाजला म्हणून मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडलो. त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभरानं तोच नातू पुन्हा आला. अंगात ताप होता आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता. घरी काय दिलंत, म्हणून विचारलं. "काहीच नाही देल्लं, डाक्टर." मला मेंदूज्वराची शंका आली. सलाईन लावलं आणि जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात सून दाराशी येऊन हळूच म्हणाली, रात्रभर रडत होता म्हणून सासूबाईंनी जायफळ उगाळून पाजलंय, सहाणेवर बरेच वेढे घेतले होते. जायफळ जास्त झालं की गुंगी येते. तरीही मी मुलाला जिल्ह्याला पाठवलंच, कारण ताप आणि गुंगी एकत्र असताना सगळा दोष जायफळाला देऊन थांबून राहता येत नाही. दोन दिवसांनी तो खेळत घरी आला. आजींनी माझ्यापासून जायफळ लपवलं, याला कारण मीच होतो. आता मी विचारतो, "घरी काय काय केलंत, सगळं सांगा," आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठी पडू देत नाही.

आता सर्दी-खोकल्याचं बघू. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते, बालवाडीत जायला लागलं की आणखी जास्त. ही सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काही उपयोग होत नाही. नाक आठ-दहा दिवसांत मोकळं होतं, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. म्हणजे आजार आपल्या पायानं आला, आपल्या पायानं निघाला. पण पाचव्या दिवशी ज्यानं जे दिलं असेल, त्याला बरं केल्याचं श्रेय मिळतं. काढ्याला मिळतं, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांना मिळतं, आणि माझ्या चिठ्ठीवरच्या औषधालाही मिळतं. मुलांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गावर होमिओपॅथीच्या गोळ्यांचा किती उपयोग होतो, याचा कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये प्रयोग गोळा करून आढावा घेतला, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. या पद्धतीवर श्रद्धा असलेले पुष्कळ लोक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना दुखवावं असं मला वाटत नाही. गोळी देऊन मुलाकडे डोळ्यांत तेल घालून बघत असाल, तर माझी तक्रार नाही. गोळी दिली म्हणून बघायचं थांबवलंत, तर मला काळजी वाटते.

मधाची गोष्ट मात्र वेगळी. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला, तर खोकल्याची ढास कमी होते आणि मूल झोपतं, झोपलं की आईलाही डोळा लागतो. हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आपल्या सरकारच्या बालआजार व्यवस्थापनाच्या मार्गदर्शिकेतही खोकल्यासाठी आईचं दूध, मध, तुळस, आलं असे घरचेच उपाय सांगितले आहेत. आणि ज्या अडुळशावरून मी त्या आजींना बोललो, त्याच अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. परसातलं झाड आणि दुकानातली बाटली यांचं असं सख्खं नातं आहे. अर्थात परसातल्या पानांत ते द्रव्य किती उतरलंय, हे पानावर लिहिलेलं नसतं. म्हणून तान्ह्या बाळाला रस पाजू नका.

पण हाच मध एक वर्षाखालच्या बाळाला विष ठरू शकतो. आपल्याकडे जन्मल्याबरोबर सोन्याचं वळं मधात उगाळून चाटवायची रीत आहे. मधात बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही, मग पापण्या जड होतात, रडण्याचा आवाज क्षीण होतो, मान सावरत नाही. असं दर वेळी होतं असं मुळीच नाही, पण झालं तर जिवावर बेततं. घुटीचंही मला तसंच सांगायचं आहे. मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, काकडशिंगी, अतिविष, सहाणेवर एकेकाचे मोजून वेढे घ्यायचे, या सगळ्यात किती निगुती आणि किती माया आहे, हे मी माझ्या आईच्या हातांत बघितलेलं आहे. ती सहाण मी अजून जपून ठेवली आहे. तरीही पहिले सहा महिने बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काहीही जाऊ नये, पाण्याचा थेंबही नाही. सहाण कितीही धुतली, तरी तिच्या भेगांत राहणारे जंतू धुतले जात नाहीत.

कापराबद्दल घाईनं सांगतो, पण लक्षात ठेवा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. नाकात कापूर घातलेलं तेल सोडू नका, दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी बामही लावू नका. उकळत्या पाण्याचं पातेलं पुढ्यात ठेवून मुलाला वाफ देऊ नका. पातेलं लवंडून भाजलेली मुलं मी बघितली आहेत. कान दुखतो म्हणून गरम तेल घालायचं तर कान फुटलेला नाही ना, हे घरी कळत नाही. तेव्हा तेल राहू द्या, वेदनेसाठी वजनाच्या मापानं पॅरासिटामॉल द्या आणि कान दाखवून घ्या.

बाटलीतल्या औषधांवरही बोलायला हवं, नाहीतर आजींवर अन्याय होईल. सर्दीच्या कितीतरी औषधांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन ही जोडी असते. ती चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. आणि २०२५ मध्ये काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याचं औषध पिऊन वीसहून अधिक मुलं दगावली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन, ज्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. त्यांतल्या बऱ्याच मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. मुलांना खोकलाच झाला होता, हो. साधा खोकला. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं औषध देऊच नका, पाच वर्षांखालीही बहुधा गरज नसते. त्यापेक्षा पुरचुंडी शतपटीनं बरी, मात्र ती गालाला लावून बघितलेली असावी आणि बाळाच्या हाताला लागणार नाही अशी बांधलेली असावी.

जुलाबात तर घरचा उपाय हाच मुख्य उपाय. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून लोकांना प्यायला दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारांच्या खाली आलं. जलसंजीवनीची पुडी त्याच विचारातून घराघरांत पोचली. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. तांदळाची पेज द्या, ताक द्या, वरणाचं पाणी द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि जोडीला चौदा दिवस जस्ताची गोळी. जुलाब झाले म्हणून मुलाचं खाणंपिणं तोडणं, एवढा एक इलाज तेवढा करू नका.

आता ज्यासाठी मी आज आलो, ते सांगतो.

आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, "बाळाला डबा झाला." पोट उडतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो, श्वास भरभर चालतो. हा न्यूमोनिया. नाव कुणीही काहीही दिलं, तरी आजार आपल्या लोकांनी अचूक ओळखलेला होता. उपाय मात्र कुठे कुठे भयंकर निघाला. मेळघाटात तापवलेल्या विळ्यानं बाळाच्या पोटाला चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे २२ दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याचं उघडकीला आलं. बातमी वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. त्या माणसांना बाळ वाचवायचंच होतं. श्वास नीट चालत नाही हे त्यांना दिसलं होतं, जायचं कुठे हे माहीत नव्हतं, किंवा गेल्यावर कुणी नीट बोलेल असा विश्वास नव्हता.

याच विदर्भात, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला हाच प्रश्न हातात घेतला. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. पन्नासपर्यंत मोजता येत नाही अशा बायकाही त्यांत होत्या. त्यांच्यासाठी बंगांनी एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी वाळू संपायच्या आत सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. वर्षभरात त्या गावांतलं बालकांचं न्यूमोनियाचं मृत्यूप्रमाण शेजारच्या गावांच्या निम्म्यावर आलं. १९९० साली लॅन्सेट या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. निरक्षर सुईणीनं मणी मोजून जे साधलं, ते आपण मोबाइल हातात असताना करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कसं मोजायचं, ते सांगतो. बाळ शांत असताना मोजायचं, झोपेत उत्तम. रडत असेल किंवा दूध पीत असेल तेव्हा नाही. झबलं वर सारा. पोट वर आलं, खाली गेलं, हा एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच संथ, मध्येच भरभर होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच भरले तर लगेच निघा. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. असं असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि आकडा काहीही असो, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल काही पीत नसेल, प्यालेलं सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील, उठवून उठत नसेल, तर रात्र काढू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी आणा.

वैद्यांकडे जात असाल तर जरूर जा. माझे दोन वैद्य मित्र माझ्याइतकेच नेमानं श्वास मोजतात आणि वेळ आली की मूल माझ्याकडे पाठवतात. गोवराची लस नको सांगणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, त्याच्या नावामागे कुठलीही पदवी असो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवरानं मुलं गेली. अंगावर गोवर उठला की कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, खोलीत गोंगाट नको म्हणा, तेवढ्यात काही वावगं नाही. मुलाला आराम मिळतो. पण 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस चुकवू नका, त्यांनी डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

गेल्या श्रावणात रात्री साडेदहाला दार वाजलं. आजी, सून आणि नऊ महिन्यांची मुलगी. दुचाकीवरून आल्या होत्या, दोघी भिजलेल्या, मुलगी मात्र आजीच्या पदराखाली कोरडी. मी विचारायच्या आत सून म्हणाली, "अठ्ठावन्न. दोनदा मोजले, डॉक्टर. पहिल्यांदा सासूबाईंनी मोजले, त्यांचे चौपन्न आले, पण त्या मध्येच चुकल्या." आजी म्हणाल्या, "चुकली नाही मी. ती हलली होती." मी मोजले, छप्पन्न आले. खड्डा नव्हता, दूध पीत होती. अमॉक्सिसिलिन सुरू केलं, कोणती लक्षणं दिसली तर तसंच उठून यायचं ते दोघींकडून म्हणवून घेतलं आणि परवा पुन्हा बोलावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. मुलगी बाकावर बसून चप्पल चावत होती. मी झबलं वर सारलं तर आत, छातीशी, पुरचुंडी होती. ती बाजूला करून मी मोजायला लागलो, आणि आजीही माझ्याबरोबर ओठ हलवत मोजत होत्या. अडतीस.