थीम बदलली आणि बाबांची ओळ गेली

आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी एक छोटी वेबसाइट सांभाळत असतं. कुणाच्या सासूबाईंच्या पाककृती, कुणाच्या वडिलांच्या आठवणी. नाव आपलं, सर्व्हरवरची जागा भाड्याची आणि आत वर्डप्रेस. कधीकाळी हौसेनं उभी केलेली असते आणि आता मुलं म्हणतात, "फोनवर काही वाचताच येत नाही." मग नवी थीम बसवायची वेळ येते. आमच्याकडे बाबांच्या आठवणींची वेबसाइट आहे. बाबा आता नाहीत. मागच्या वर्षी थीम मी बदलली आणि एक घोटाळाही केला, म्हणून आज हा विषय.

आधी तुमची भीती घालवते. थीम बदलल्यानं लेख पुसले जात नाहीत. लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, फोटो 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये आणि थीम तिसऱ्याच फोल्डरमध्ये. घराला नवा रंग दिला म्हणून कपाटातल्या साड्या जात नाहीत, तसंच हे. पण भिंतीवर कुणी पेन्सिलीनं काही लिहून ठेवलं असेल, तर ते मात्र रंगाखाली जातं.

आमचं तेच झालं. वर्डप्रेसच्या ॲपिअरन्स विभागात गेले, थीम्स उघडलं, नवी शोधून इन्स्टॉल केली, ॲक्टिव्हेट दाबलं. दहा मिनिटांचं काम. पसारा नको म्हणून जुनी थीम डिलीटही करून टाकली. मग सांगलीला आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अक्षरं छान मोठी झाली गं. पण खाली दादाची ओळ असायची, ती कुठे गेली?"

प्रत्येक पानाच्या तळाशी बाबांनी आईसाठी एक ओळ लिहिली होती: "तू मागे लागलीस म्हणून लिहिलं." इतकी वर्षं दिसत होती, म्हणून आमचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती कुठल्याच लेखात नव्हती. बाबांनी ती थेट थीमच्या फूटर नावाच्या फाइलमध्ये टाइप केली होती. थीम डिलीट, ओळही डिलीट.

वाचले ती एकाच गोष्टीमुळे. आदल्या रात्री बॅकअप घेतला होता, आणि तो सर्व्हरवर न ठेवता लॅपटॉपवर उतरवला होता. तुम्हीही दोन्ही गोष्टी उतरवून घ्या: डेटाबेस, आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' हे अख्खं फोल्डर. नुसता डेटाबेस घेतला असता तर ती ओळ मला मिळाली नसती. आणि जुनी थीम महिनाभर तरी राहू द्या. बंद थीम थोडी जागा अडवते, बाकी तिचा त्रास नाही. फक्त तिचे अपडेट चुकवू नका.

ॲक्टिव्हेट करण्याआधी लाइव्ह प्रिव्ह्यू जरूर बघा, आणि तो मराठी मजकुरावर बघा. थीमच्या जाहिरातीतलं चित्र इंग्रजी अक्षरांचं असतं, त्यावर भाळू नका. बऱ्याच थीममध्ये शीर्षकाची अक्षरं मुद्दाम लांब लांब ठेवलेली असतात. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं. आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना जाऊन भिडतात. एका कच्च्या लेखात चार शब्द टाइप करून बघा: तऱ्हा, वाङ्मय, कर्तृत्व, ॲप. हे नीट दिसले तर फाँट चालेल. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये तिथे नुसता चौकोन दिसू शकतो. मी शेवटी 'मुक्त' हा फाँट घेतला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला, फुकट मिळणारा आणि फोनवर वाचायला सुखाचा. सेटिंग्जमध्ये साइटची भाषाही मराठी करा. मग पान ब्राउझरला सांगतं की हा मजकूर मराठी आहे, आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात.

पैसे देऊन घ्यायची थीम कुणी "फुकट देतो" म्हणालं, तर घेऊ नका. अशा झिप फाइलींत चोरटा कोड दडवलेला असतो, आणि तो मिळतो तेव्हा साइटवर भलत्याच जाहिराती लागलेल्या असतात.

आता ती ओळ. परत थीमच्या फाइलमध्ये टाकणं सोपं होतं, पण थीमचं पुढचं अपडेट आलं की फाइल नव्यानं लिहिली जाते आणि ओळ पुन्हा जाते. त्यासाठी चाइल्ड थीम करतात: छोटी, आपल्या बदलांपुरती, मूळ थीमच्या आधारावर चालणारी. आमची नवी थीम ब्लॉक पद्धतीची आहे, तिच्यात तळपट्टी स्क्रीनवरच बदलता येते आणि ती डेटाबेसमध्ये राहते. मात्र त्या थीमपुरतीच. उद्या थीम बदलली की पुन्हा शोधाशोध. म्हणून मी ओळ तळपट्टीत घातली, आणि बाबांच्या नावाचं एक साधं पान करून तिथेही लिहिली. पान कुठल्याही थीममध्ये राहतं.

मग आत्याला परत फोन लावला. तिनं पान खालपर्यंत सरकवलं, मला ऐकू येत होतं, चष्मा शोधत होती. "हं," म्हणाली, "आली."