प्रा. मधु दंडवते : मंत्री झालेले सर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. आपल्यापैकी कोण कुठे पोचलं, कोणाची मुलं कुठे आहेत, हे कालपासून भरपूर बोलून झालं. म्हणून मी आपल्या शाळेत कधीच नसलेल्या एका सरांबद्दल बोलणार आहे. आपण शाळेत होतो तेव्हा ते आपले खासदार होते. पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले, तरी लोक त्यांच्या नावामागे ‘प्रा.’ लावायला विसरले नाहीत. ते म्हणजे प्राध्यापक मधु दंडवते.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. म्हणजे ते काही कोकणातले नव्हेत. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात, डॉ. आंबेडकरांनी उभ्या केलेल्या संस्थेत, ते भौतिकशास्त्र शिकवत. बेचाळीसच्या चळवळीत होते, गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही होते. १९७१ च्या जानेवारीत बॅ. नाथ पै अचानक गेले आणि त्याच वर्षी राजापूर मतदारसंघातून दंडवते लोकसभेवर गेले. नाथांच्या जागी उभं राहणं सोपं नव्हतं. पण आपल्या लोकांनी या नगरच्या माणसाला एकदा नव्हे, सलग पाच वेळा निवडून दिलं.

आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. आपण तेव्हा सातवी-आठवीत होतो, आपल्याला त्यातलं फारसं कळत नव्हतं. घरातली मोठी माणसं मात्र हळू आवाजात बोलत, एवढं कळत होतं.

१९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले. ज्याच्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडा नाही, तो देशाचा रेल्वेमंत्री! पण त्यांनी काय केलं ते बघा. १९७४ च्या रेल्वे संपात नोकरीवरून काढलेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. त्या गाडीत पहिला वर्ग नव्हताच, सगळे एकाच वर्गाचे प्रवासी. आणि तिसरी गोष्ट तर अगदी साधी. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा नुसत्या लाकडी फळ्या असत. दोन-दोन रात्रींचा प्रवास लोक त्या फळ्यांवर अंग टाकून करत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालायला लावला. एकदम सगळ्या गाड्यांत तो आला नाही, हळूहळू आला. पण आज आपण त्यावर पाय पसरून झोपतो तेव्हा तो कोणी घातला हे विचारावंसंही आपल्याला वाटत नाही.

मला यात वर्गावर शिकवणारा माणूस दिसतो. चांगला शिक्षक पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बघून धडा संपवत नाही. शेवटच्या बाकावरच्याला कळलं का, हे तो बघतो. इथे बसलेल्या आपल्या सरांनी आणि बाईंनी तेच केलं. मी शेवटच्या बाकावरचाच होतो, त्यामुळे खात्रीने सांगतो.

आता कोकण रेल्वे. ‘रेल्वे येणार’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सह्याद्रीचे कडे, खाड्या, पावसाळा. शिवाय खर्चाच्या मानाने उत्पन्न काय, हा दिल्लीचा प्रश्न. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळाले असते, तर आपल्या नातवंडांनीही गाडीची वाटच बघितली असती. १९८९ च्या शेवटी व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. जुलै १९९० मध्ये स्वतंत्र कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचं भागभांडवल, बाकीचा पैसा रोख्यांतून, आणि कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंत ७४० किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला.

पण मधलं एक वर्ष आपण सहसा सांगत नाही. १९९१ मध्ये याच राजापूर मतदारसंघाने दंडवत्यांना पाडलं. रेल्वेचं काम नुकतं सुरू झालं होतं. लोकशाहीत मतदाराला तो हक्क आहे, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. मी सांगतोय ते एवढंच, की त्या रेल्वेने त्यांना परत निवडून दिलं नाही, आणि तरीही ती झाली. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १२ नोव्हेंबर २००५ ला ते गेले आणि देह त्यांनी जे. जे. रुग्णालयाला दान केला. आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाने शेवटी शरीरही विद्यार्थ्यांच्या हाती दिलं.

आपल्यापैकी बहुतेक जण मुलांना सांगतात, ‘राजकारणात पडू नको.’ मीही सांगितलं आहे. त्याची कारणं तुम्हाला माहीत आहेत. पण असाही एक माणूस आपला खासदार होता, हे पुढच्या पिढीला आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?

शेवटी थोडं कामाचं. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधावी आणि वर तुकडीचं नाव घालावं, अशी एक सूचना आहे. सूचना करणारे माझे मित्रच आहेत, रागावू नयेत. काल मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत डोकावून आलो. आपण वापरलेलीच टेबलं अजून तिथे आहेत, आणि एका भिंगाभोवती आठ-आठ मुलं उभी राहतात असं बाईंनी सांगितलं. माझं मत प्रयोगशाळेला. तिथे आपलं नाव नसलं तरी चालेल. शेवटच्या रांगेतल्या मुलाच्या हातात भिंग आलं म्हणजे झालं.

दुपारच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. तिथे सगळ्यांनी यावं, एवढी विनंती करून थांबतो.