डोंगराची किंमत कोणी ठरवावी?
(इगतपुरी येथील सभेत केलेले भाषण)



माधव गाडगीळांच्या कार्यावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत. ते परिसरशास्त्रज्ञ, मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. परंतु या दोन शास्त्रांमधील भिंत गाडगीळांच्या घरातच नव्हती. त्यांचे वडील धनंजयराव हे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या शिल्पकारांपैकी एक आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. नियोजनाच्या या पुरस्कर्त्याने कोयना धरणाचे काम दाखविताना आपल्या किशोरवयीन मुलापुढे एक प्रश्न ठेवला होता : वीज हवी, उद्योगही हवेत, पण त्यासाठी जाणारे जंगल आणि उठणारी माणसे यांचे काय? माधवरावांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. त्यांचे सारे कार्य म्हणजे त्या प्रश्नाचा पाठपुरावा होय, असे मी समजतो.

निसर्गाची ओढ त्यांना पक्ष्यांमुळे लागली. वेड्या राघूची शेपटी पुस्तकातील चित्रासारखी का दिसत नाही, असे शाळकरी वयात त्यांनी सालिम अलींना पत्राने विचारले आणि त्या थोर पक्षिशास्त्रज्ञाने उत्तरही धाडले. पुढे हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन ते १९७१ साली मायदेशी परतले. परदेशात मानाने राहणे शक्य असता त्यांनी सह्याद्रीच्या देवराया पायाखाली घातल्या. वा. द. वर्तकांसमवेत त्यांनी दाखवून दिले की, जेथे ना रखवालदार ना कुंपण, तेथेही केवळ गावाच्या श्रद्धेने आणि संकेताने जुने अरण्य टिकून राहिले आहे.

परंतु हा निव्वळ निसर्गप्रेमाचा विषय नाही; तो मालकीचा आणि सत्तेचा आहे. कर्नाटकात बांबू संपत चालल्याची तक्रार बुरुडांनी केली. बुरूड बाजारभावाने बांबू घेत, तर कागद गिरण्यांना तोच बांबू सरकार नाममात्र दराने देत होते. वनखाते दोष देई तो गावकऱ्यांच्या गुरांना. गाडगीळांनी रानात जाऊन पाहिले. बांबूच्या बेटाभोवतीचे काटेरी आवरण कोवळ्या कोंबांना गुरांपासून वाचवीत असे; गावकरी ते जाणून होते. ते आवरण 'शास्त्रीय' व्यवस्थापनाच्या नावाखाली साफ केले जात होते, आणि गिरण्यांची तोड बेसुमार होती. जी वस्तू फुकटात मिळते, ती जपण्याची गरज भांडवलाला वाटत नाही, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळावे.

२०१० साली केंद्र शासनाने त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला. तो जनतेपुढे यावयास मे २०१२ उजाडला, आणि तोही माहिती अधिकाराच्या झगड्यानंतर. सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन स्तरांत विभागणी त्यांनी सुचविली. मात्र अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करूनच व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. 'शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही' असा धाक खेडोपाडी घालण्यात आला. अहवाल लोकांच्या भाषेत त्यांच्या हाती दिला असता, तर हा अपप्रचार टिकला नसता.

पुढे कस्तुरीरंगन समितीने संरक्षित करावयाचे क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला. दहा वर्षे मसुदेच निघत राहिले, यातच सारे आले.

इगतपुरीकरांना हे दूरचे वाटू नये. दारणेचे पाणी गोदावरीला मिळते, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात येथल्याच वाड्यापाड्यांवरील बाया हंडे घेऊन वणवण फिरतात. पावसाच्या माहेरघरी ही टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही. समृद्धी महामार्ग डोंगराच्या पोटातून आला. त्यापाठोपाठ जमिनीचे व्यवहार करणारेही आले. ठाकर आणि महादेव कोळी शेतकऱ्याला एकरकमी पैसा मिळतो आणि पुढे तोच आपल्या जुन्या शेतावरील विश्रामगृहात मजूर होतो. याला विकास म्हणावयाचे, तर हिशेबाच्या वहीत नफ्याचेच पान ठेवून तोट्याचे पान फाडावे लागेल.

कोणी म्हणेल, संरक्षण आले की वनखात्याचा अंमल वाढेल. ही भीती खोटी नाही. गाडगीळही अधिकाऱ्यांच्या हुकमतीने होणाऱ्या संरक्षणाचे कठोर टीकाकार होते. त्यावरील उपाय संरक्षण नाकारणे हा नव्हे. ते आपल्या हाती घेणे हा आहे. तालुक्यातील अनुसूचित क्षेत्राच्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने आणि जंगलावर उपजीविका असणाऱ्यांना २००६ च्या वनाधिकार कायद्याने तसा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मसुद्याचे मराठीतून ग्रामसभेत जाहीर वाचन व्हावे. कोणता डोंगर, कोणता झरा, कोणती राई राखावयाची याची यादी गावाने स्वतः करावी आणि तसा ठराव लेखी पाठवावा. आपण गप्प राहिलो तर हा निर्णय दुसरे कोणी घेतील, आणि दरड मात्र आपल्या घरांवर येईल.