भय आणि सावधगिरी
(सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



मोबाईलवरून होणारे पैशाचे व्यवहार आणि त्यांतील फसवणुकीचे भय, या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय रूक्ष खरा. परंतु ज्यांचा संसार पेन्शनीवर चालतो, अशी आपल्यातील वडीलधारी मंडळी त्यास रूक्ष म्हणणार नाहीत.

हे भय निराधार नाही. पोलिसाचा गणवेश चढवून व्हिडिओ कॉलवर धमकावणारे भामटे आहेत. ‘डिजिटल अटक’ नावाची अटक आपल्या कायद्यात कोठेही नाही, हे ठाऊक नसल्याने सुशिक्षित माणसेही फसतात. मग भयापोटी कोणी ही सोय सोडून देतो, तर कोणी फोन आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हाती देतो. यांतला दुसरा मार्ग पहिल्याहून घातक, कारण चोराच्या भयाने किल्लीच परक्याकडे देण्यासारखे ते आहे.

आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापिली. पुढे १९१३ पासून देशातील अनेक बँका बुडाल्या. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. तेव्हा लोकांना बँकेचे भय वाटले नसेल काय? पण म्हणून बँका बंद झाल्या नाहीत. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. प्रारंभी ते १,५०० रुपयांचे होते, २०२० साली ५ लाखांचे झाले. भयातून नियम निघाला आणि नियमातून विश्वास आला.

मोबाईलच्या व्यवहारांसही असेच नियम लागले. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरविले की, दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर भार नाही. पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे सारी भिस्त त्वरेवर आहे. १९३० हा क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ अनर्थ टळेल. फोनला जोडलेले खाते निराळे व थोडक्या शिलकेचे ठेवावे. आयुष्याची पुंजी त्यात नसावी.

पण त्वरेच्या आड येते ती लाज. आजोबा फसले तर चारचौघांत हसू होईल म्हणून गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात पैसे दहा खात्यांतून फिरून नाहीसे होतात. तरुणांना माझी विनंती आहे: “तुम्हाला कळत कसे नाही?” असे घरात कोणास विचारू नका. आधी १९३० लावा, मग बँकेस कळवा; बोलणे मागाहून होईल.

आपल्या न्यासाने पन्नास वर्षे विद्यार्थ्यांना साह्य केले. आता त्यांतल्याच काही विद्यार्थ्यांनी रविवारी तासभर बसून वडीलधाऱ्यांना हे व्यवहार शिकवावेत. मात्र पिन त्यांचा त्यांनाच दाबू द्यावा. एवढी सूचना करून आपली रजा घेतो.