चार पाणबुड्यांचं गणित
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या विषयावर थोडं बोलायचं ठरलंय. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा एक गणितच सांगतो. वह्या काढायची गरज नाही.

ब्रिटनची एक तरी अण्वस्त्रवाहू पाणबुडी १९६९ पासून सतत समुद्रात असते. त्यासाठी पाणबुड्या बांधल्या चार. पाचवीही ठरली होती, ती १९६५ मध्ये विल्सन सरकारने रद्द केली. चारच का? समजा, एक पाणबुडी शंभरातले साठ दिवस तयार असते (आकडा माझा, सोयीसाठी घेतलेला). उरलेले दिवस दुरुस्ती-देखभाल. पाणबुड्या तीन असतील, तर तिन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.४ चा घन, म्हणजे ०.०६४. वर्षाला तेवीस दिवस पहाराच नाही! चार असतील तर नऊ दिवस, पाच असतील तर चाराच्या आत. अर्थात प्रत्यक्षात वेळापत्रक आखून ही भगदाडं बुजवतात. नाणेफेकीवर कोणी नौदल चालवत नाही.

पण या गुणाकाराला एक अट आहे, ती विद्यार्थी परीक्षेत हमखास विसरतात. घटना परस्पर स्वतंत्र हव्यात. इथे तर चारही पाणबुड्या एकाच घडणीच्या. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डाउनरेच्या चाचणी अणुभट्टीत, थंड करणाऱ्या पाण्यात किंचित किरणोत्सर्ग सापडला. खबरदारी म्हणून ‘व्हॅनगार्ड’मध्ये नवं इंधन भरायचं ठरलं. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेली तिची दुरुस्ती संपायला २०२३ उजाडलं. तोवर चाराच्या तीन झाल्या होत्या. अलीकडे काही फेऱ्या पाच महिन्यांहूनही लांबल्या. त्या खलाशांच्या घरच्यांसाठी आमच्या सूत्रात एकही अक्षर नाही.

समुद्रात गेल्यावर सापडायचं नाही, हा दुसरा भाग. फेब्रुवारी २००९ मध्ये हीच ‘व्हॅनगार्ड’ आणि फ्रान्सची ‘ल त्रिओंफां’ अटलांटिकच्या पोटात एकमेकींवर आदळल्या. दोन्ही अण्वस्त्रवाहू, दोन्ही मित्रराष्ट्रांच्या! फ्रेंचांना आधी वाटलं, बुडालेला कंटेनर लागला. इतक्या त्या मुक्या. पण उद्या पाण्याखालचं शोधण्याची एखादी नवी युक्ती कोणाला साधली, तर एक सापडेल तशी दुसरीही सापडेल. मग चार काय आणि आठ काय!

मघाशी चहाला एकाने विचारलं, ‘अरिहंत’ २०१६ मध्ये आली, ‘अरिघात’ २०२४ मध्ये, मग आपल्याला किती पुरतील? मी म्हटलं, एक पाणबुडी वर्षातले किती दिवस तयार असते ते सांग, लगेच गणित करून देतो. तो आकडा मला कोणी सांगणार नाही, आणि सांगूही नये.