ऐकू येते, पण किती?

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या गौरवाविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे. मी आज लहान मुलांच्या कानांविषयी बोलणार आहे. विषय समारंभाला साजेसा नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु इतके पालक एकाच वेळी पुन्हा कधी भेटणार?

आपली शाळा हैदराबादेत आहे. मुलांच्या घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात दखनी. त्यामुळे पहिलीतले मूल शब्दांचे शेवट गाळू लागले किंवा सूचना अर्धवट पाळू लागले, की उत्तर आपल्यापाशी तयार असते : ‘तीन भाषांचा गोंधळ आहे, सुटेल हळूहळू.’ पुष्कळदा तो सुटतोही. पण या तयार उत्तराच्या आड कमी ऐकू येणारे मूल वर्षभर लपून राहू शकते. भाषांचाच गोंधळ असेल, तर मूल निदान घरच्या भाषेत मोकळे असते. घरच्या मराठीतही तेच शब्द निसटत असतील, तर कानाकडे पाहावे.

कानाच्या पडद्यामागील पोकळीत हवा खेळती ठेवण्याचे काम घशाशी जोडलेली कंठकर्णनलिका करते. लहान मुलांमध्ये ही नलिका आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. वारंवार सर्दी झाली किंवा नाकामागील अ‍ॅडेनॉइड वाढले, की तिचे कार्य मंदावते आणि पडद्यामागे द्रव साचतो. कधीकधी तो डिंकासारखा चिकट होतो. बहुधा ठणका नसतो, ताप नसतो, कान वाहतही नाही. म्हणूनच कोणाच्या ध्यानात येत नाही. श्रवणशक्ती साधारणपणे वीस ते तीस डेसिबलने उणावते. हाक मारली की मूल वळते, पण हलक्या आवाजातील व्यंजने हरवतात. मागच्या बाकावर ‘हात’, ‘हाक’ आणि ‘हाच’ हे शब्द एकसारखे भासू शकतात. शिवाय हे ऐकणे सर्दीगणिक कमीजास्त होते. काल ऐकणारे मूल आज ऐकत नाही, म्हणून आपण त्याला ‘लक्ष नाही’ असे म्हणून मोकळे होतो.

आमच्या पहिलीच्या वर्गातील एका मुलीचे श्रुतलेखन असेच कमीजास्त होत असे. वर्गाच्या बाईंनी एक गोष्ट टिपली. बाईंचा चेहरा वर्गाकडे असला की मुलीचे शब्द बरोबर येत. त्या फळ्याकडे वळून बोलल्या की चुकत. मुलगी ओठ वाचत होती. सहा वर्षांच्या त्या जिवाने ही विद्या कोणाच्याही नकळत आत्मसात केली होती.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून तीन महिने थांबण्यास सांगितले. हे थांबणे म्हणजे चालढकल नव्हे. बरीच मुले एवढ्या अवधीत आपोआप बरी होतात. तिच्या दोन्ही कानांतील द्रव मात्र कायम राहिला आणि श्रवणचाचणीही सुधारली नाही. तेव्हा नळ्या बसवण्याचा निर्णय झाला.

‘पोरीच्या पडद्याला भोक पाडायचे?’ असे तिच्या आजींनी मला विचारले. कान फुटणे हे आपल्याकडे मोठे संकट समजले जाते, तेव्हा त्यांची धास्ती साहजिकच होती. पडद्याला छेद देऊन ऐकणे सुधारण्याचा प्रयोग लंडनमधील शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी 1801 साली मांडला होता. अडचण अशी की छेद लवकरच बुजत असे. अमेरिकेतील डॉ. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये त्यात प्लास्टिकची नळी बसवल्याचे प्रसिद्ध केले आणि ही पद्धत रूढ झाली. आज या नळीला ग्रॉमेट म्हणतात. ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. मुलाला भूल देऊन साचलेला द्रव काढतात आणि ती बसवतात. प्रत्यक्ष काम सुमारे पंधरा मिनिटांचे. पडदा बरा होताना सहसा सहा ते अठरा महिन्यांत तिला स्वतःच बाहेर ढकलतो आणि बहुतेक वेळा छिद्र मिटते. काही मुलांना पुन्हा नळी बसवावी लागते, काहींचे छिद्र उरते. हे डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे. प्रत्येक वाहत्या कानाला नळीच हवी, असेही नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्या मुलीने घरी पहिली तक्रार केली ती पंख्याच्या आवाजाची!

नळी असेपर्यंत कानात तेल घालू नये. दिवाळीच्या अभ्यंगस्नानातही नाही, आणि आजींनी कितीही आग्रह केला तरी नाही. साबणाच्या पाण्यापासून कान जपावेत. घरात कोणी धूम्रपान करीत असेल, तर त्याचा धूरही मुलांच्या कानांना बाधतो, हे वडीलधाऱ्यांना सांगण्याचा संकोच मी आता सोडला आहे.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. 2013 पासूनच्या या योजनेत कानाचे आजार व श्रवणदोष यांची तपासणी येते आणि पुढील उपचारांचीही तरतूद आहे.

माजी विद्यार्थ्यांमध्ये या विषयाचे जे तज्ज्ञ असतील, त्यांनी वर्षातून एक सकाळ आम्हाला द्यावी. बालवर्गापासून दुसरीपर्यंतच्या सर्व मुलांचे कान आपण शाळेतच तपासू. आपली नावे कार्यालयात नोंदवावीत. पालकांनी त्या दिवशी मुलाला सर्दी असल्यास तसे चिठ्ठीवर लिहून द्यावे. अशा मुलांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागेल.